विषारी झाड खाल्लेल्या कुत्र्यावर तातडीचे उपाय

शेतकऱ्याच्या घरी कुत्र्याचे काम मोठे असते. खळ्यावरील धान्य, गोठ्यातील वासरे, वाड्यातील शेळ्यामेंढ्या आणि रात्रीच्या वेळी उभे पीक यांची तो राखण करतो. अशा कुत्र्यास साप चावला किंवा रानडुकराने जखमी केले, तर घरातील सर्व माणसे धावपळ करतात. परंतु अंगणातील शोभेचे झाड, कुंपणाची कण्हेर किंवा खतासाठी आणलेली एरंडीची पेंड त्याने खाल्ली, तर तिकडे बहुधा दुर्लक्ष होते. कुत्रा त्या वेळी धडधाकट दिसतो, शेपूट हलवितो, भाकरीही खातो. आणि दुसऱ्या दिवशी रक्ताची हगवण लागून आडवा होतो. मग दवाखान्याची वाट धरली जाते, पण तोपर्यंत उपचाराची उत्तम वेळ निघून गेलेली असते.

विष पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत जो काळ जातो, तोच उपचाराचा खरा काळ होय. या लेखातील एवढी एक गोष्ट ध्यानात राहिली, तरी पुष्कळ कुत्री वाचतील.

कुत्रा झाडपाला का खातो?

कुत्र्याने हरळी किंवा इतर गवत चघळणे ही नित्याची गोष्ट आहे. गवत खाणारा प्रत्येक कुत्रा आजारी असतो असे नाही, आणि गवत खाऊन एखादी उलटी झाली म्हणजे विषबाधा झाली असेही नाही. भीती असते ती विषारी झाडांची. लहान पिल्ले दात येण्याच्या दिवसांत समोर येईल ते चावतात. दिवसभर साखळीस बांधलेला कुत्रा कंटाळून जवळच्या कुंडीतील झाड कुरतडतो. काही वेळा तो झाडासाठी जातही नाही. कुंडीत घातलेल्या हाडांच्या चुऱ्याचा किंवा पेंडीचा वास त्यास तेथे ओढून नेतो. जमीन उकरताना कंद वर येतात आणि तेही तो चावून पाहतो.

घातक झाडांची ओळख

झाडे पुष्कळ असली, तरी त्यांच्या विषाचा मुख्य परिणाम शरीराच्या कोणत्या भागावर होतो, त्यावरून त्यांचे पाच गट पाडता येतात.

पहिला गट तोंडाची आग करणाऱ्या झाडांचा. अळू, मनीप्लांट, डिफेनबॅकिया, फिलोडेंड्रॉन ही झाडे यात येतात. यांच्या पानांत व देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. अळूची भाजी करताना चिंच किंवा आंबट ताक घालतात, ते या खाजरेपणासाठीच. कच्चे पान चावताच कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळू लागते, तो पंजाने तोंड घासतो व ओठ सुजतात. हा त्रास लगेच होत असल्याने कुत्रा सहसा जास्त खात नाही आणि त्याच्या जिवास धोका क्वचितच होतो. मात्र घसा सुजून श्वास अडत असल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा.

दुसरा गट हृदयावर परिणाम करणाऱ्या झाडांचा. तांबड्या व पांढऱ्या फुलांची कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी ही त्यातील प्रमुख होत. पान, फूल, फळ, साल, मूळ असा या झाडांचा प्रत्येक भाग विषारी असतो. पान वाळले तरी त्यातील विष जात नाही. फुले ठेवलेल्या भांड्यातील पाणीदेखील कुत्र्यास पिऊ देऊ नये. बाधा झालेल्या कुत्र्यास उलट्या व हगवण होते, हातपाय गार पडतात, हृदयाचे ठोके मंद किंवा अनियमित होतात आणि कुत्रा एकाएकी कोसळतो. या गटाच्या बाबतीत पाव तासाचा विलंबही महाग पडतो.

तिसरा गट आतड्यांस इजा करणाऱ्या बियांचा व कंदांचा. एरंडीच्या बीत रिसिन आणि गुंजेत अब्रिन हे विष असते. अखंड बी गिळली गेली, तर टणक टरफलामुळे ती काही वेळा तशीच बाहेर पडते. चावून फोडलेली बी मात्र फार घातक असते. माळेसाठी भोक पाडलेली गुंज अखंड गुंजेपेक्षा अधिक धोक्याची असते, ती याच कारणाने. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असते. या तिन्हींची लक्षणे उशिरा दिसतात. एरंडी खाल्ल्यानंतर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत कुत्रा बरा दिसू शकतो. नंतर उलट्या, पोटदुखी व रक्तमिश्रित हगवण सुरू होते. कोरफडही या ठिकाणी सांगितली पाहिजे. माणसाच्या घरगुती औषधांत तिचा मान असला, तरी कुत्र्याने तिची पाने चावल्यास त्यास उलट्या व हगवण होते. तिची बाधा एरंडीइतकी तीव्र नसते, एवढेच.

चौथ्या गटात धोतरा येतो. त्याची बाधा मेंदूवर व मज्जातंतूंवर होते. कुत्र्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते, नाडी जलद चालते, तो भेलकांडतो, निष्कारण भुंकतो किंवा भिंतीवर आपटतो.

पाचवा गट यकृतावर आघात करणाऱ्या सायकसचा. ठेंगण्या ताडासारखे दिसणारे हे झाड शोभेसाठी बागांत व अंगणांत लावतात. त्याचे सर्वच भाग विषारी असून बिया सर्वांत घातक असतात. पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग कुत्रा सावरल्यासारखा वाटतो आणि दोन-तीन दिवसांनी कावीळ होऊन यकृत निकामी होऊ लागते. मधल्या काळातील ही सुधारणा फसवी असते, हे विसरू नये.

एरंडीची पेंड: शेतकऱ्यांनी विशेष जपण्याची गोष्ट

एरंडीतून तेल काढल्यावर रिसिन तेलात उतरत नाही. ते पेंडीत राहते. म्हणूनच ही पेंड अखाद्य पेंडींत गणली जाते. तीत सुमारे ४.३ टक्के नत्र असल्याने पिकांस व फुलझाडांस ती उत्तम खत म्हणून घालतात. पेंड वासामुळे कुत्र्यास आवडते, आणि तीत हाडांचा चुरा मिसळला असल्यास तो अधाशीपणे खातो. झाडावरील बिया पाच-दहा खाल्ल्या जातील, पण उघड्या पोत्यातील पेंड कुत्रा पोटभर खाऊ शकतो. ज्या गावात ही पेंड वाटली किंवा विकली जाते, तेथील कार्यकर्त्यांनी पोत्याबरोबर ही सूचनाही शेतकऱ्यापर्यंत पोहोचवावी.

हात लावण्यापूर्वी

लाळ गाळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालण्याची घाई करू नये. कुत्रा पिसाळण्याच्या रोगात, म्हणजे रेबीजमध्येही, लाळ गळते, जबडा लोंबतो आणि घशात काही अडकल्यासारखे दिसते. हाड अडकले असे समजून तोंडात हात घातल्याने माणसास हा रोग झाल्यास त्यातून वाचणे जवळजवळ अशक्य असते. कुत्र्यास रेबीजची लस दिलेली नसेल, त्याच्या स्वभावात अलीकडे बदल झाला असेल, किंवा त्याने झाड खाल्ल्याचे कोणी पाहिलेले नसेल, तर त्यास दुरूनच कोंडून ठेवावे व पशुवैद्यास बोलवावे. अशा कुत्र्याची लाळ जखमेस, डोळ्यास किंवा तोंडास लागल्यास तो भाग वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावा. त्वचेवरील जखम साबणानेही धुवावी. नंतर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी.

पहिल्या दहा मिनिटांत काय करावे?

कुत्रा ओळखीचा, लस दिलेला व शुद्धीवर असेल आणि त्याने झाड खाल्ल्याची खात्री असेल, तर पुढील क्रमाने काम करावे.

१. कुत्र्यास झाडापासून दूर न्यावे आणि इतर जनावरे व मुले तेथे येऊ देऊ नयेत.

२. तोंडात पाला उरला असल्यास हातास जाड कापड गुंडाळून तो काढावा. ओल्या फडक्याने हिरड्या, जीभ व ओठ आतून बाहेर या दिशेने पुसावेत. तोंडात पाण्याची धार सोडू नये. पाणी श्वासनलिकेत जाते. कुत्रा आचके देत असेल तर त्याच्या तोंडाजवळ हात नेऊच नये.

३. रुई किंवा शेराचा चीक डोळ्यांत गेला असल्यास स्वच्छ पाण्याने डोळे पंधरा मिनिटे धुवावेत. अंगावरील चीक साबणाने धुवावा, म्हणजे कुत्रा तो चाटणार नाही.

४. झाडाची पान, फूल व फळ असलेली फांदी तोडून कागदात किंवा पिशवीत घ्यावी. एकाच नावाने निरनिराळ्या गावांत निरनिराळी झाडे ओळखली जातात. नुसती ‘कण्हेर’ म्हटल्याने तांबडी की पिवळी हे कळत नाही. कुत्र्यास उलटी झाली असल्यास तीही डबीत घ्यावी. मोबाईल असल्यास झाडाचे छायाचित्र पशुवैद्यास आधीच पाठवावे.

५. चार गोष्टी कागदावर लिहाव्यात: काय खाल्ले, अंदाजे किती खाल्ले, किती वाजता खाल्ले, आणि कुत्र्याचे वजन किती.

६. झाडावर कीटकनाशक फवारले असल्यास त्याची बाटली किंवा लेबल बरोबर घ्यावे. काही कीटकनाशकांनी डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावतात, पुष्कळ लाळ सुटते व स्नायू फडफडतात. धोतऱ्यात बाहुल्या मोठ्या होतात व तोंड कोरडे पडते. हा भेद पाहून ठेवला तर पशुवैद्यास निदानास मदत होते.

७. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास दूरध्वनी करून लागलीच निघावे. महाराष्ट्रात फिरत्या पशुचिकित्सा पथकाच्या मदतीसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. पथकास वेळ लागणार असल्यास वाट पाहत न बसता कुत्र्यास दवाखान्यात न्यावे.

नेताना कुत्र्यास घोंगडीत किंवा पोत्यावर कुशीवर निजवावे व मान सरळ ठेवावी. भीतीपोटी त्याचे तोंड दोरीने बांधण्याची रीत आहे. परंतु उलटी होत असलेल्या किंवा श्वास लागलेल्या कुत्र्याचे तोंड कदापि बांधू नये.

काय करू नये?

मीठपाणी पाजून उलटी करविण्याची चाल खेड्यांत व शहरांत सर्वत्र आढळते. ही चाल धोक्याची आहे. मीठ रक्तात जाऊन त्याचे प्रमाण एकदम वाढते आणि त्यामुळे आचके येऊन कुत्रा दगावू शकतो. म्हणजे झाडाच्या विषात मिठाच्या विषाची भर पडते. घशात बोटे घालणे, मोहरीचे पाणी पाजणे हेही टाळावे. उलटी करवावी की नाही, हे पशुवैद्याने ठरवावयाचे असते. कुत्रा गुंगीत असेल, त्यास आचके येत असतील किंवा त्याने तोंड भाजणारा चीक खाल्ला असेल, तर उलटीने अपायच होतो.

तूप, तेल किंवा दूध हे विषावरचे उतारे नव्हेत. बळजबरीने पाजलेले तेल फुप्फुसात उतरून त्यामुळे न्यूमोनिया होतो. अळू किंवा मनीप्लांट चावल्यामुळे तोंडाची आग होत असेल, कुत्रा सावध असेल आणि आपण होऊन चाटत असेल, तर थोडे गार पाणी, दूध किंवा दही ठेवण्यास हरकत नाही. त्यापलीकडे पशुवैद्यास विचारल्याशिवाय काही देऊ नये.

चुलीतील कोळसा, राख किंवा करपलेली भाकरी विष शोषून घेते असा समज आहे. दवाखान्यात दिला जाणारा सक्रिय कोळसा विशिष्ट रीतीने तयार केलेला असतो. चुलीतील कोळशात तो गुण नसतो. माणसांची वेदनाशामक औषधे कुत्र्यास देणे तर नव्या विषबाधेस आमंत्रण देण्यासारखे आहे.

कुत्र्याची प्रकृती कशी पाहावी?

दवाखाना दूर असल्यास वाटेत तीन गोष्टी पाहता येतात. वरचा ओठ उचलून हिरडी पाहावी. निरोगी हिरडी गुलाबी असते. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात, त्यांच्या बाबतीत खालच्या पापणीच्या आतील बाजू पाहावी. हिरडी बोटाने दाबून सोडली असता सुमारे दोन सेकंदांत तिचा रंग परत आला पाहिजे. डाव्या कोपरामागे छातीवर तळहात ठेवून ठोके मोजावेत. स्वस्थ बसलेल्या प्रौढ कुत्र्याचे ठोके मिनिटास साधारणपणे ६० ते १४० असतात. हिरडी फिकी किंवा निळसर दिसणे, ठोके फार मंद होणे अथवा मध्येच चुकणे, आणि हाक मारली असता कुत्र्याने मान न उचलणे, ही गंभीर अवस्थेची चिन्हे होत. ही नोंद वेळेसह लिहून पशुवैद्यास द्यावी.

दवाखान्यात काय उपचार होतात?

रिसिन, अब्रिन किंवा सायकसचे विष यांवर नेमका उतारा उपलब्ध नाही. म्हणूनच विष रक्तात भिनण्यापूर्वी बाहेर काढण्यास एवढे महत्त्व आहे. झाड खाऊन तास-दोन तासच झाले असतील आणि कुत्रा शुद्धीवर असेल, तर पशुवैद्य इंजेक्शनने सुरक्षितपणे उलटी करवितात. त्यानंतर गरजेप्रमाणे सक्रिय कोळसा देतात. शिरेतून सलाइन देऊन शरीरातील पाणी व रक्तदाब सांभाळला जातो. कण्हेरीच्या बाधेत हृदयाची गती सुधारणारी औषधे, आचक्यांवर शामक औषधे आणि उलट्यांवर उलटीरोधक औषधे दिली जातात. एरंडी किंवा सायकस खाल्लेल्या कुत्र्याचे रक्त पुनःपुन्हा तपासावे लागते. अशा वेळी ‘आता बरा दिसतो’ म्हणून त्यास उपचार अर्धे टाकून घरी आणू नये. पशुवैद्य सांगतील तितके दिवस ठेवावे किंवा रोज दाखवून आणावे.

घरी आणल्यावर स्वच्छ पाणी नेहमी समोर असावे. मऊ भात, पेज असे हलके अन्न थोडे थोडे द्यावे. विष्ठेचा व लघवीचा रंग रोज पाहावा. विष्ठा काळी किंवा रक्ताळ दिसल्यास, लघवी बंद झाल्यास, अथवा डोळे व हिरड्या पिवळ्या दिसल्यास पुन्हा दवाखाना गाठावा.

प्रतिबंध

एरंडीच्या पेंडीचे पोते तोंड शिवून उंच फळीवर किंवा बंद खोलीत ठेवावे. पेंड जमिनीवर पसरून ठेवू नये. ती मातीत नीट मिसळून वरून माती ओढावी व काही दिवस कुत्र्यास तेथे मोकळे सोडू नये. कुंडीतील झाडास ती घालावयाची असल्यास हाडांच्या चुऱ्यासोबत घालू नये.

कण्हेर व बिट्टी यांचे कुंपण जनावरे खात नाहीत म्हणून पुष्कळ ठिकाणी लावतात. हिरव्या, कडू पानांस जनावर तोंड लावीत नाही हे बहुतांशी खरे आहे. परंतु छाटलेल्या व सुकलेल्या फांद्या चाऱ्यात मिसळल्या गेल्यास गुरे, शेळ्या त्या खातात. रवंथ करणाऱ्या जनावरांस कुत्र्यासारखी उलटी होत नाही, म्हणून त्यांच्या पोटातील विष बाहेर काढणे अधिकच कठीण असते. यास्तव छाटणी उकिरड्यावर, गव्हाणीजवळ किंवा ओढ्याकाठी न टाकता खड्ड्यात पुरावी. ती जाळू नये, कारण तिचा धूरही अपायकारक असतो.

ज्या घरी पिल्लू असेल तेथे सायकस, डिफेनबॅकिया, कण्हेर ही झाडे अंगणात नवीन लावू नयेत. असलेल्या झाडांभोवती जाळी बसवावी व पडलेल्या बिया रोज वेचाव्यात. फुलांची हौस गुलाब, जास्वंद, मोगरा यांवरही भागते आणि ही झाडे कुत्र्यास विषारी नाहीत. साखळीचा कुत्रा दिवसातून दोन वेळा मोकळा सोडावा आणि चावण्यास त्यास काही खेळणे द्यावे, म्हणजे तो कुंड्यांकडे कमी वळतो.

गावातील कार्यकर्त्यांचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्याने उपचारक होण्याची आवश्यकता नाही. गावातील कोणत्या कुंपणास कण्हेर आहे, कोणाकडे एरंडीची पेंड साठविलेली आहे आणि जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोणत्या वेळी उघडा असतो, एवढी माहिती त्याच्यापाशी असली म्हणजे पुरे. दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर व दूध संकलन केंद्रावर लिहून ठेवावा. रेबीज लसीकरणाच्या दिवशी कुत्र्यांचे मालक एकत्र येतात. त्याच वेळी या झाडांच्या फांद्या प्रत्यक्ष दाखवून ओळख करून द्यावी. बियांशी लहान मुलेही खेळतात आणि एरंडी, गुंज, बिट्टीचे फळ हे मुलांसही तितकेच घातक असते. कुत्र्यासाठी घेतलेली ही दक्षता घरातील मुलांच्याही कामी येते.